डॉक्टरांच्या विचाराची पायरी : अबू धाबीच्या दवाखान्यातील एक न दिसणारा हिशेब

या आठवड्यात आम्ही जो विषय घेतला आहे तो प्रथमदर्शनी रुक्ष वाटेल. आपल्या बेटावर सरकारी इस्पितळात उपचार मोफत मिळतात. कांडोस असो की रोझ बेल, रुग्ण जातो, डॉक्टर तपासतात, औषध मिळते आणि माणूस घरी येतो. त्या तपासणीची किंमत कोणी कशी ठरवली, हा प्रश्न आपल्यापुढे उभाच राहत नाही. परंतु आपल्या कितीतरी घरांतील मुलेमुली आज दुबई, अबू धाबी, शारजा येथे नोकरीला आहेत. कोणी हॉटेलात, कोणी विमान कंपनीत, कोणी इस्पितळात. महाराष्ट्रातून तेथे गेलेले आपले भाऊबंद तर फार मोठ्या संख्येने आहेत. तेथे दवाखान्याचे दार उघडते ते विम्याच्या कार्डाने, आणि त्या कार्डामागे एक मोठी यंत्रणा दिवसरात्र चालू असते. तिची थोडीतरी ओळख आपणांस असावी, म्हणून हा लेख.

विम्याचा कायदा

संयुक्त अरब अमिरातीत आरोग्य विमा सक्तीचा करण्यात अबू धाबीने पुढाकार घेतला. तेथील कायदा २००५ सालचा, क्रमांक २३. दुबईने २०१३ साली कायदा क्रमांक ११ करून तीच वाट धरली. शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा आणि फुजैरा या उत्तरेकडील अमिरातींत मात्र खासगी नोकरीतील कामगारांना विम्याची सक्ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तेथील मूळ योजनेचा वार्षिक हप्ता ३२० दिरहम ठरला, आणि तो मालकाने भरायचा आहे. रुग्णाला भेटीच्या व औषधाच्या खर्चातील काही वाटा स्वतः द्यावा लागतो, बाकीचे पैसे विमा कंपनी दवाखान्याला देते.

आता प्रश्न असा की विमा कंपनी पैसे देते ते कशाच्या आधारावर? डॉक्टर काही प्रत्येक रुग्णाची कहाणी पत्राने कळवत नाहीत. दवाखान्यातून संगणकाद्वारे एक मागणी जाते. अबू धाबीत ती 'शफाफिया' नावाच्या व्यवस्थेतून जाते. या अरबी शब्दाचा अर्थ पारदर्शकता. दुबईत त्याच कामाला 'ई-क्लेम-लिंक' आहे. या मागणीत शब्द थोडे आणि आकडे फार. एक आकडा सांगतो की रुग्णाला काय झाले आहे. दुसरा सांगतो की डॉक्टरांनी काय केले. हे आकडे म्हणजेच कोड, आणि डॉक्टरांची टिपणे वाचून ते बसवणारा किंवा तपासणारा माणूस म्हणजे कोडर.

आकडा आणि त्यामागची नोंद

आकड्याने माणसाची ओळख ठेवणे ही गोष्ट आपल्या लोकांना नवी नाही. मुंबई बंदरातून जहाजाने आलेल्या आपल्या पूर्वजांना पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर प्रत्येकी एक क्रमांक मिळत असे. नुसता क्रमांक मुका असतो. परंतु त्या क्रमांकापुढे वहीत बापाचे नाव, वय, गाव, अंगावरची खूण असे लिहून ठेवले होते, म्हणूनच आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जाऊन कित्येक कुटुंबे आपले मूळ गाव शोधून काढतात. जेथे कारकुनाने गावाचे नाव चुकीचे लिहिले किंवा लिहिलेच नाही, तेथे क्रमांक असूनही वाट खुंटते. वैद्यकीय कोडचे अगदी असेच आहे. आकड्याची किंमत त्यामागच्या नोंदीइतकीच.

आजाराच्या आकड्यांचा इतिहास जुना आहे. फ्रान्सचे संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची जी यादी केली ती १८९३ साली शिकागोच्या परिषदेत स्वीकारली गेली. १९४८ पासून ते काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले. त्याच परंपरेतील 'आयसीडी-१०' ची अमेरिकेने वाढवलेली आवृत्ती, 'आयसीडी-१०-सीएम', आज अमिरातीत वापरतात. डॉक्टरांनी केलेल्या कामाचे आकडे मात्र 'सीपीटी' या दुसऱ्या ग्रंथातून येतात. तो अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा, पहिल्यांदा १९६६ साली छापला गेला. दर ठरवण्याची रीत सगळ्या अमिरातींत सारखी नाही, म्हणून येथे आम्ही मुख्यतः अबू धाबी डोळ्यांपुढे ठेवून सीपीटीची रीत सांगत आहोत.

विचाराला माप कसे लावावे?

शस्त्रक्रिया केली, हाड बसवले, क्ष-किरण काढला, तर त्याला आकडा देणे सोपे. काम दिसते. पण डॉक्टरांचे अर्ध्याहून अधिक काम दिसतच नाही. रुग्ण समोर बसतो, बोलतो, डॉक्टर ऐकतात, तपासतात, विचार करतात आणि निर्णय घेतात. सर्दीच्या रुग्णालाही हेच, छातीत कळ आलेल्या रुग्णालाही हेच. दोघांनाही एकच फी लावणे न्यायाचे नाही. मग विचाराचे माप कसे घ्यावे?

सीपीटीमध्ये अशा भेटींसाठी वेगळे कोड १९९२ साली आले. पुढे १९९५ आणि १९९७ साली त्यांच्या नोंदीचे नियम निघाले. त्या नियमांत मोजदाद होती : रुग्णाला किती प्रश्न विचारले, शरीराचे किती भाग तपासले. हेतू चांगला होता, परिणाम विचित्र झाला. भेटीचा दर्जा वाढावा म्हणून टिपणे लांबू लागली. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाच्या कागदावर कान, नाक, घसा, पोट सगळे 'ठीक' असे लिहिलेले सापडे. संगणक आल्यावर तर कालचे टिपण उचलून आज चिकटवणे एका बोटाचे काम झाले. कागद भरला, पण डॉक्टरांनी काय विचार केला ते त्यात शोधून सापडेना.

अखेर १ जानेवारी २०२१ पासून बाह्यरुग्ण भेटींसाठी आणि २०२३ पासून इस्पितळातील व तातडीच्या विभागातील भेटींसाठी ही मोजदाद सोडून देण्यात आली. रुग्णाची हकीकत आणि तपासणी गरजेप्रमाणे करावी व लिहावी, पण दर्जा ठरवताना ती मोजू नये, असे ठरले. दर्जा ठरतो तो डॉक्टरांनी घेतलेल्या निर्णयाच्या कठीणपणावर. दवाखान्यातील भेटीत याला एक पर्याय आहे, तो म्हणजे त्या दिवशी डॉक्टरांनी त्या रुग्णासाठी दिलेला एकूण वेळ. तातडीच्या विभागात मात्र वेळेचा हिशेब चालत नाही.

चार पायऱ्या, तीन प्रश्न

निर्णयाच्या पायऱ्या चार आहेत : सरळ, हलकी, मध्यम आणि उच्च. जुन्या, म्हणजे गेल्या तीन वर्षांत त्याच डॉक्टरांकडे किंवा त्याच दवाखान्यातील त्याच शाखेच्या डॉक्टरांकडे येऊन गेलेल्या रुग्णासाठी या चार पायऱ्यांचे कोड ९९२१२ पासून ९९२१५ पर्यंत आहेत. नव्या रुग्णासाठी ९९२०२ पासून ९९२०५ पर्यंत.

पायरी ठरवण्यासाठी तीन प्रश्न विचारायचे. पहिला, डॉक्टरांनी या भेटीत कोणत्या आणि किती गंभीर तक्रारी हाताळल्या? दुसरा, निर्णयासाठी त्यांनी कोणती माहिती गोळा केली, कोणत्या चाचण्या सांगितल्या किंवा पाहिल्या, कोणाशी सल्लामसलत केली? तिसरा, जो उपाय ठरला किंवा ज्याचा विचार झाला, त्यात रुग्णाला धोका किती? या तिहींपैकी कोणतेही दोन ज्या पायरीपर्यंत पोहोचतात, ती त्या भेटीची पायरी. एकट्याच्या बळावर वर चढता येत नाही.

उदाहरणांनी हे लवकर समजेल. समजा, मुसफ्फाच्या औद्योगिक भागातील एक कामगार सर्दी घेऊन आला. डॉक्टरांनी तपासले, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि विश्रांती सांगितली. तक्रार आपोआप बरी होणारी, चाचणी नाही, धोका नाममात्र. ही सरळ पायरी, ९९२१२.

दुसऱ्याला रक्तदाबाचा जुना विकार आहे, पण दाब ठरवलेल्या मर्यादेत आहे. डॉक्टरांनी विचार करून तीच गोळी चालू ठेवली. लिहून दिलेल्या औषधाची जबाबदारी घेणे हा तिसऱ्या प्रश्नात मध्यम धोका मानतात. पण आटोक्यातील एक जुना विकार ही पहिल्या प्रश्नात हलकीच पायरी, आणि चाचणी काही नाही. दोन प्रश्न जुळतात ते हलक्या पायरीवर, म्हणून ९९२१३. गोळी लिहून दिली एवढ्यावर भेट मध्यम होत नाही, ही गोष्ट कित्येक दवाखान्यांत विसरली जाते.

तिसऱ्याला मधुमेह आहे. गेल्या वर्षी साखर जितकी होती तितकीच आज आहे. पुष्कळांना वाटेल की विकार स्थिर आहे. नियम मात्र म्हणतो, नाही. स्थिर म्हणजे न बदललेला असे नव्हे. उपचाराचे जे उद्दिष्ट ठरले आहे तेथे रुग्ण पोहोचला नसेल तर तो स्थिर नाही. साखर वाढलेली असेल आणि वर्षभर तशीच वाढलेली राहिली असेल, तर तो आटोक्याबाहेरचा विकार. डॉक्टरांनी औषध बदलले, तर तक्रार मध्यम, धोका मध्यम, म्हणून ९९२१४. मधुमेह घरोघरी असलेल्या आपल्या समाजाने तर हे वाक्य लक्षात ठेवावे : 'तितकीच आहे' म्हणजे 'ठीक आहे' नव्हे.

चौथा छातीत दुखते म्हणून घाम पुसत आला. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासले, हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणे झाले, इस्पितळात दाखल करावे का याचा विचार झाला. शेवटी निघाले पित्त. मग ही भेट पित्ताची म्हणून हलकी धरायची काय? मुळीच नाही. शेवटचे निदान काय निघाले यावर पायरी ठरत नाही. त्या घटकेला डॉक्टरांपुढे जिवाचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न नाही हे सिद्ध करण्यासाठी त्यांना जे डोके चालवावे लागले, त्याचे ते माप आहे. पायरी उच्च.

दुसऱ्या प्रश्नातले बारकावे

माहितीच्या हिशेबात थोडी सावधगिरी लागते. चाचणी सांगणे आणि तिचा निकाल पाहणे मिळून एकच गणले जाते. आज सांगितली म्हणून एक आणि उद्या पाहिली म्हणून दुसरी, असे चालत नाही. अनेक घटकांची एकत्र रक्तचाचणी असेल आणि तिला एकच कोड असेल, तर ती एकच. डॉक्टरांनी एखाद्या आलेखाचे वाचन करून त्याची फी वेगळी लावली असेल, तर तेच वाचन येथे पुन्हा मोजता येत नाही. एका भाताचे दोनदा माप घेऊ नये, एवढाच याचा अर्थ.

रुग्ण स्वतः नीट सांगू शकत नसेल, जसे लहान मूल, स्मृती गेलेले म्हातारे माणूस, बेशुद्ध माणूस, तर हकीकत सांगणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची गणना होते. पण केवळ भाषा कळत नाही म्हणून कोणी दुभाषा बसला, तर ती गणना होत नाही. अमिरातीत हे रोज घडते. डॉक्टर केरळचे किंवा इजिप्तचे, परिचारिका फिलिपाइन्सची आणि रुग्ण बीड-लातूरकडचा. तेथे खोलीतला एखादा सोबती हिंदीत सांगतो. त्याची मदत मोठी खरी, पण हकीकत रुग्णाचीच आहे, ती फक्त दुसऱ्या भाषेतून आली, असा नियमाचा विचार आहे.

गरिबीही नोंदवावी

या नियमांत एक गोष्ट आम्हांला फार माणुसकीची वाटली. रुग्णाच्या राहणीमुळे किंवा परिस्थितीमुळे निदानाला वा उपचाराला मोठी अडचण येत असेल, तर ती धोक्याच्या प्रश्नात मध्यम पायरीची गोष्ट मानली जाते. इन्सुलिन थंड ठेवायचे असते आणि ज्या खोलीत दहा माणसे राहतात तेथे फ्रिजमध्ये जागा नसते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला उन्हात काम नको असते आणि त्याचे काम उन्हातच असते. अमिरातीत दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास बंदी आहे. परंतु सकाळी अकराचे ऊनही आजारी माणसाला थोडे नसते.

डॉक्टरांनी हे लक्षात घेऊन औषध बदलले, वेळ बदलली, आणि तसे लिहिले, तर त्या लिहिण्याला मोल आहे. अशा परिस्थितीसाठी आयसीडीमध्ये झेड५५ ते झेड६५ असे कोडही आहेत. पण नुसते 'रुग्ण मजूर आहे' असे लिहून भागत नाही. त्या परिस्थितीने उपचारात काय अडथळा आणला आणि डॉक्टरांनी त्यावर काय केले, हे सांगावे लागते.

तसेच, डॉक्टरांनी इस्पितळात दाखल व्हायला सांगितले आणि रोज बुडेल म्हणून रुग्णाने नकार दिला, असेही घडते. नियम सांगतो की रुग्णाशी नीट चर्चा करून जो उपाय विचारात घेतला पण अखेर निवडला नाही, तोही धोक्याच्या हिशेबात धरावा. मात्र ती चर्चा कागदावर हवी. ती असेल तर डॉक्टरांचे काम न्यायाने मोजले जाते, आणि उद्या तोच रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात गेला तर तेथील डॉक्टरांना कळते की धोका आधीच ओळखला गेला होता.

दोन ओळींचा फरक

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, लिहिण्याची. एका डॉक्टरांनी लिहिले : 'मधुमेह. औषधे बदलली. एक महिन्याने या.' दुसऱ्यांनी लिहिले : 'दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, आटोक्याबाहेर. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.२, उद्दिष्ट ७ च्या आत. दोन गोळ्या नियमित घेऊनही फरक नाही, म्हणून रात्रीचे इन्सुलिन सुरू. रुग्ण रात्रपाळीत ट्रक चालवतो, साखर एकदम उतरण्याचा धोका समजावला, गाडीत साखरेच्या गोळ्या ठेवण्यास सांगितले.' दोघांनी काम कदाचित सारखेच केले असेल. पण पहिल्या कागदावरून कोडरला ई११.९ म्हणजे 'गुंतागुंत नसलेला मधुमेह' याच्या पलीकडे जाता येत नाही. दुसऱ्यावरून ई११.६५ म्हणजे 'वाढलेल्या साखरेसह मधुमेह' हा कोड बसतो आणि मध्यम पायरी कोणालाही पटते.

येथे कोडरचे हात बांधलेले असतात, हे समजून घ्यावे. प्रयोगशाळेच्या कागदावर साखर ९.२ दिसत असली तरी कोडर स्वतःच्या अकलेने निदान लिहू शकत नाही. निदान डॉक्टरांचेच हवे. शंका असेल तर त्याने डॉक्टरांना लेखी विचारावे, आणि विचारतानाही उत्तर सुचवू नये. 'साखर आटोक्याबाहेर आहे असे लिहू ना?' हा प्रश्न चुकीचा. 'सरासरी साखर ९.२ आहे, रुग्णाच्या मधुमेहाची स्थिती आपल्या मते काय ती कृपया नोंदवावी' हा प्रश्न बरोबर. पहिल्या प्रश्नात पैशाचा वास येतो, दुसऱ्यात येत नाही.

दुसरा एक नियम तर रुग्णाच्या दृष्टीने फारच मोलाचा आहे. बाह्यरुग्ण भेटीत डॉक्टरांनी 'अमुक रोगाचा संशय' असे लिहिले असेल, तर त्या रोगाचा कोड लावायचा नाही. संशय सिद्ध होईपर्यंत लक्षणाचाच कोड : खोकला, ताप, छातीत दुखणे. नाहीतर संशय म्हणून लिहिलेला शब्द कायमचा रोग होऊन बसतो. अमिरातीच्या २०१९ सालच्या संघराज्य कायदा क्रमांक २ प्रमाणे आरोग्याची माहिती शेवटच्या उपचारापासून किमान २५ वर्षे जपून ठेवावी लागते. अबू धाबीत 'मलफ्फी', दुबईत 'नाबिद' या व्यवस्थांतून एका दवाखान्याची नोंद दुसऱ्या दवाखान्याला दिसते. म्हणजे घाईत बसवलेला एक चुकीचा आकडा माणसाच्या मागे दवाखान्यामागून दवाखान्यात फिरतो. पुढे विमा बदलताना 'हा जुना आजार तुम्ही का सांगितला नाही?' असा प्रश्न निघाला, तर गरीब माणसाने काय उत्तर द्यावे? त्याला तर तो आजार कधी झालाच नव्हता.

खोटे दोन्ही बाजूंनी

पायरी खोटी चढवता येते, हे उघड आहे. ९९२१३ ची भेट ९९२१४ म्हणून पाठवली की पैसे वाढतात. त्याचा भार शेवटी हप्त्याच्या रूपाने सगळ्यांवर येतो, आणि जेथे खर्चाच्या टक्केवारीने वाटा द्यायचा असतो तेथे रुग्णाच्या खिशालाही लगेच चाट बसते. विमा कंपन्या हे जाणतात. म्हणून त्या कागद मागवतात, तपासतात आणि मागणी नाकारतात.

पण उलटी चूकही चूकच आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. तपासणीच्या भीतीने काही ठिकाणी प्रत्येक भेट खालच्याच पायरीवर पाठवतात. त्यामुळे तंटा टळतो खरा. परंतु कागदावर असे दिसते की या दवाखान्यात कठीण रुग्ण येतच नाहीत. मग जास्त डॉक्टर, जास्त परिचारिका, जास्त वेळ कशासाठी द्यायचा? कामगार वस्तीतल्या दवाखान्यात खरे पाहता आजार अधिक कठीण असतात, आणि नोंद मात्र सगळी हलकी. आकडे पाहून धोरण ठरवणाऱ्याला त्या वस्तीचे दुखणे दिसतच नाही. म्हणून आमचे असे स्पष्ट मत आहे की पायरी वर चढवणे आणि खाली उतरवणे या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या बाबतीत सारख्याच खोट्या आहेत. जे केले ते लिहावे, जे लिहिले तेच मोजावे.

घरच्यांसाठी चार शब्द

ज्यांची मुले किंवा नातलग आखातात आहेत त्यांना आम्ही काही साध्या गोष्टी सुचवू इच्छितो. फोनवर बोलताना 'जेवलास का?' एवढेच न विचारता या गोष्टीही सांगाव्यात.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी बरोबर न्यावी, आणि बेटावर झालेल्या जुन्या चाचण्यांच्या प्रती मोबाइलमध्ये ठेवाव्यात. ते कागद डॉक्टरांनी पाहिले तर निर्णय सुधारतो, आणि त्या पाहण्याची नोंदही होते.

आपली परिस्थिती लाजून लपवू नये. रात्रपाळी आहे, उन्हात काम आहे, औषध ठेवायला थंड जागा नाही, महिनाअखेरीस औषध घ्यायला पैसे उरत नाहीत, हे सगळे डॉक्टरांना सांगावे. ती तक्रार नसून उपचाराला लागणारी माहिती आहे.

भेटीनंतर निदान काय लिहिले ते विचारावे. संशय असेल तर 'हा अजून संशयच आहे ना?' असे नम्रपणे विचारण्यात गैर काही नाही. नोंद चुकली असेल तर ती दुरुस्त करण्याची विनंती लगेच करावी. वर्षाने केली तर कोणाला आठवणार?

आणि विमा कंपनीने मागणी नाकारली तर घाबरून गप्प बसू नये. नकाराचे कारण लेखी मागावे. पुष्कळदा उपचार चुकलेला नसतो, लिहिणे अपुरे असते, आणि डॉक्टरांनी योग्य खुलासा पाठवल्यावर प्रकरण पुन्हा पाहिले जाते.

आपल्या तरुणांनाही एक शब्द. कोडरचे काम हे आकड्यांचे काम वाटते, पण ज्याला शरीराची रचना, रोगांची नावे आणि इंग्रजीतील डॉक्टरी टिपणे नीट वाचता येतात त्यालाच ते जमते. त्यासाठी मान्यताप्राप्त परीक्षा आहेत, आणि भारतातून कित्येक मुले-मुली त्या देऊन आखातात स्थिर झाली आहेत. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांवर हात असलेल्या आपल्या मुलांनी या क्षेत्राची चौकशी करावी. मात्र परीक्षेत जे विचारत नाहीत ते आधी घरातून शिकून जावे. आकडा बसवताना समोर पैसा नसतो, माणूस असतो, आणि तो माणूस आपल्याच कोणाचा तरी भाऊ किंवा मुलगा असण्याचा संभव पुष्कळ आहे.